डाळिंबाची छाटणी: क्रम चुकला की कळी चुकते

बहाराचं (म्हणजे झाडाला ठरवून आणायच्या फुलोऱ्याचं) पाणी सोडायला आठ दिवस उरले की छाटणीची टोळी बोलवायची, झाड चारी बाजूंनी बोडकं करायचं आणि महिन्याभराने बांधावर उभं राहून म्हणायचं, 'फुटवा तर जोरात आहे, कळी कुठाय?' सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात दर बहाराला ही तक्रार ऐकू येते. मग औषधं बदलतात, टॉनिकचे डबे वाढतात. चूक मात्र त्याआधीच झालेली असते. जी छाटणी तोडणीनंतर लगेच व्हायला हवी होती, ती बहाराच्या तोंडावर झालेली असते.

डाळिंबाला वर्षात दोनदा कात्री लागते आणि दोन्ही वेळचं काम वेगळं. फळं तोडल्यावरची छाटणी मोठी. तिच्यात झाडाचा आकार ठरतो, रोगट लाकूड निघतं. बहारापूर्वीची छाटणी हलकी, फक्त शेंडे मारायचे. दोन्हींच्या मध्ये तीन-चार महिन्यांची विश्रांती हवी. कळी येते ती पक्व लाकडावरच्या आखूड काड्यांवर आणि त्यांतून निघणाऱ्या नव्या फुटीच्या टोकाला. या काड्या विश्रांतीत तयार होतात, पानं त्यांच्यात अन्न साठवतात. ऐन बहारात जाड फांद्या कापल्या की साठवलेलं अन्नही गेलं आणि कळीच्या जागाही गेल्या. उरलेलं झाड मग नुसते सरळसोट फुटवे सोडत बसतं.

पुढचे आकडे ४.५ बाय ३ मीटरवर लावलेल्या, ठिबकवरच्या 'भगवा' वाणाच्या बागेसाठी आहेत.

वेळ आधी ठरवा

बहारावरून उलटं मोजत या. आंबे बहाराचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत सुटतं, म्हणजे ताण (बहाराआधी पाणी तोडणं) डिसेंबरात आणि मोठी छाटणी ऑगस्ट-सप्टेंबरात, आधीची फळं उतरली की लगेच. मृग बहाराचं पाणी जूनमध्ये, ताण मेमध्ये, मोठी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत. हस्त बहाराचं पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि मोठी छाटणी मार्च-एप्रिलात. हस्ताची खरी अडचण ताणाची. ऑगस्ट-सप्टेंबरात आभाळ कधी फुटेल त्याचा भरवसा नसतो आणि काळ्या जमिनीत ओल धरून राहते. भारी रानात हस्त धरायचा असेल तर हे गणित आधी करून ठेवा.

तोडणी लांबली आणि विश्रांतीला दोन महिनेच उरले, तर मोठी छाटणी अर्धीच करा. फक्त रोगट आणि वाळलेलं काढा, आकाराचं काम पुढच्या वर्षावर टाका. विश्रांती कापून छाटणी करू नका.

टप्पा १: हत्यारं आणि तयारी

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. प्रत्येक माणसामागे दोन सिकेटर, म्हणजे छाटणीच्या हातकात्र्या (एक नव्हे, दोन), अंगठ्याहून जाड फांदीसाठी लांब दांड्याची कात्री, मनगटाएवढ्या फांदीसाठी छाटणीची करवत, काट्यांसाठी जाड हातमोजे, एक प्लॅस्टिकची बादली आणि छाटलेलं गोळा करायला ताडपत्री.

दोन सिकेटर का, तर तेल्यासाठी, म्हणजे तेलकट डाग रोगासाठी. त्याचे जिवाणू पात्यावर बसून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, मर रोगाची बुरशीही हत्याराबरोबर फिरते. म्हणून प्रत्येक झाडानंतर पातं निर्जंतुक करायचं. एकच सिकेटर असेल तर मजूर ती बुचकळून लगेच बाहेर काढतो. दोन असतील तर एक द्रावणात पडून राहते आणि दुसरी चालते. झाड संपलं की अदलाबदल.

द्रावण सोडियम हायपोक्लोराइटचं, २.५ टक्के. आणलेलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. कॅनवर किती टक्के लिहिलंय ते वाचल्याशिवाय अंदाजाने ओतू नका. उन्हात आणि काडीकचऱ्याने त्याचा जोर उतरतो, म्हणून बादली सावलीत ठेवा आणि द्रावण सकाळी एकदा, दुपारी एकदा नवं करा. हायपोक्लोराइट लोखंड खातं. संध्याकाळी पाती साध्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात द्या.

पात्याची धार कागदावर तपासा. कागद फाटला तर सिकेटर बोथट आहे. बोथट पातं साल चिरडतं आणि चिरडलेली साल उशिरा भरते.

*इशारा:* टोळीने काम झाडावर बोलून घेतलं असेल तर बादलीकडे जाण्यात त्यांचा वेळ मोडतो, म्हणून ते जात नाहीत. यात त्यांचा दोष कमी, ठरवण्याचा जास्त. रोजावर बोला, नाहीतर झाडामागे थोडे पैसे वाढवून बादलीची अट घाला आणि एक घरचा माणूस ओळीत उभा करा.

*इशारा:* अंगावर पाणी असलेलं झाड छाटू नका. आंबे बहारवाल्यांची मोठी छाटणी पावसाळ्यात येते. दोन-तीन दिवसांची उघडीप बघा, दव उतरल्यावर सुरुवात करा आणि जेवढी झाडं छाटाल तेवढी त्याच दिवशी फवारून घ्या (फवारणी टप्पा ४ मध्ये).

टप्पा २: नवी बाग असेल तर वळण

जुनी बाग असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

रोप लावल्यावर पहिले दोन-तीन महिने कात्री लावू नका, बांबूला सैल सुतळीने बांधून वाढू द्या. नंतर बुंध्यातून निघालेल्या फुटव्यांपैकी तीन किंवा चार जोमदार, एकमेकांपासून फाकलेली खोडं निवडा, बाकीचे मुळाशी काढा. एकाच खोडाचं झाड दिसायला देखणं, पण आपल्याकडे खोडकिडा आणि शॉट होल बोरर (खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा) आहेत. एक खोड गेलं की झाडच गेलं. चारातलं एक गेलं तर तीन उरतात.

प्रत्येक खोडावर जमिनीपासून फूट-दीड फूट एकही फांदी नको. खोड दोन फुटांवर आलं की शेंडा खुडा. त्याखाली ज्या फांद्या फुटतील त्यांतल्या बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या दोन-तीन ठेवा. चार खोडं आणि प्रत्येकी दोन-तीन फांद्या, एवढा सांगाडा पुरे. मध्यभाग वाडग्यासारखा मोकळा राहिला पाहिजे.

इथली सर्रास होणारी चूक म्हणजे दीड वर्षाच्या झाडाला कळी दिसली की बहार धरणं. फळाच्या वजनाने कोवळा सांगाडा वाकतो आणि कायमचा वाकतो. दोन वर्षं होईपर्यंत येईल ती कळी हाताने काढून टाका.

टप्पा ३: मोठी छाटणी, एका झाडावरचा क्रम

कात्री उघडण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. कुठे डागाळलेली फांदी आहे, कुठे वाळलेली, कुठे खोडावर बारीक छिद्रं आणि भुसा दिसतोय ते बघून ठेवा. मग या क्रमानेच कापा:

१. रोगट लाकूड. तेल्याचा डाग फांदीवर जिथे संपतो तिथून दोन इंच खाली, निरोगी लाकडात काप घ्या. कापलेला तुकडा थेट ताडपत्रीवर टाका, जमिनीवर नको. या कापानंतर पातं लगेच बुचकळा, झाड संपण्याची वाट बघू नका.

२. वाळलेलं आणि किडलेलं. फांदी कापल्यावर आतलं लाकूड बघा. पांढरं-पिवळसर आणि ओलसर असेल तर तिथे थांबा. तपकिरी दिसलं तर आणखी खाली या.

३. जमिनीतून आलेले फुटवे. माती जरा बाजूला करून बुडख्याशी कापा. मातीच्या बरोबरीने कापलात तर एकाच्या जागी चार येतात.

४. पाणसोट. जाड फांदीतून काठीसारखे सरळ वर गेलेले, लांब पेऱ्यांचे हे फुटवे. यांना फळ नाही आणि सावली मात्र सगळ्या झाडावर. मुळापासून काढा. मधून कापलेला पाणसोट झाडूसारखा फुटतो.

५. आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. दोघींतली जी बाहेर जाते ती ठेवा.

६. उंची. सगळ्यात शेवटी. झाड साडेसहा-सात फुटांवर ठेवा, म्हणजे फवारा शेंड्यापर्यंत पोचतो आणि तोडणीला शिडी लागत नाही. वरून सरसकट कुंपणाची मेंदी कापल्यासारखं कापू नका. उंच गेलेली फांदी खाली जिथे बाहेरच्या फांदीला मिळते, त्या बेचक्यापर्यंत या.

क्रमाचा फायदा हा, की पहिल्या चार कामांतच निम्म्याहून जास्त गर्दी निघते आणि पाचव्या-सहाव्याला काय उरलंय ते नीट दिसतं. बहुतेक जण सहाव्यापासून सुरू करतात आणि रोगट फांद्या तशाच राहतात.

झाडाच्या हिरव्या पसाऱ्यातला चौथ्या भागाहून जास्त एका वेळी काढू नका. बाग फारच दाटली असेल तर ती दोन वर्षांत मोकळी करा. मार्च-एप्रिलात छाटत असाल तर पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येकडची पानं राखा. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघडी पडलेली फांदी वरच्या बाजूने भाजते, साल तडकते आणि त्या तडकेतून कीड शिरते.

काप कसा घ्यायचा

बारीक फांदीवर डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या) वर साधारण अर्धा सेंटिमीटर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. डोळा बाहेरच्या दिशेचा निवडा, म्हणजे नवी फूट बाहेर जाईल. सिकेटरचं धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे हवं आणि बोथट जबडा तुटून पडणाऱ्या भागाकडे. सिकेटर उलटी धरली की झाडावरची साल चेपते. बरेच जण ती उलटी धरतात. एकदा हातात धरून दाखवलं की पुन्हा चुकत नाहीत.

जाड फांदी एका कापात कधीही काढू नका. तिच्या वजनाने खालची साल खोडापर्यंत सोलत येते. आधी बेचक्यापासून सहा इंच पुढे, खालून एक तृतीयांश कापा. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापा, म्हणजे फांदी स्वच्छ तुटून पडते. उरलेली खुंटी तिसऱ्या कापात काढा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. काप तिच्या अगदी बाहेर घ्या. वळी कापली तर जखम भरत नाही. चार बोटं खुंटी सोडली तर ती वाळते आणि भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याला तयार घर मिळतं.

*तपासणी:* भर दुपारी बारा वाजता झाडाखाली बघा. जमिनीवर कवडसे पडलेले दिसायला हवेत. सलग गर्द सावली असेल तर छाटणी अपुरी. जमीन लख्ख उन्हात असेल तर जास्त कापलं आणि झाडाला आता सावरायला वेळ द्यावा लागेल.

*इशारा:* एखादं झाड एका बाजूने पिवळं पडलंय, फांदी कापल्यावर आतल्या लाकडात करडा-तपकिरी पट्टा दिसतोय, तर तो मर रोग असू शकतो. त्या झाडाला सगळ्या बागेनंतर हात लावा, हत्यारं वेगळी ठेवा. नमुना सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवून मगच पुढचं ठरवा.

टप्पा ४: त्याच दिवशी जखमा झाका

पेन्सिलीहून जाड प्रत्येक कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. उरलेली पेस्ट खोडाला खालपासून दोन फुटांपर्यंत ब्रशने लावून टाका. खोडावर छिद्रं असतील तर कीटकनाशकाचं काम पेस्टने होत नाही. त्यासाठी डाळिंबाला शिफारस असलेलं औषध लेबलवरच्या मात्रेने वेगळं घ्या.

संपूर्ण झाडावर १ टक्का बोर्डोची फवारणी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटरमध्ये विरघळवा, चुना दुसऱ्यात ५० लिटरमध्ये विझवून गाळा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळा. लोखंडी पिंप चालत नाही. घासलेला खिळा किंवा विळा मिनिटभर मिश्रणात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा बघा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, रात्री ठेवलेलं बोर्डो दुसऱ्या दिवशी कामाचं नाही.

रोगट काड्या, गळालेली पानं, तडकलेली फळं बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावर ढीग लावला तर वळवाच्या पहिल्या सरीबरोबर रोग परत आत येतो.

टप्पा ५: विश्रांती

इथे करायचं थोडं आणि न करायचं जास्त. शेणखत आणि माती परीक्षणानुसार खत द्या, पाणी नियमित ठेवा, पानं निरोगी राखा. दर पंधरा-वीस दिवसांनी एक फेरी मारून नवे पाणसोट बोटभर असतानाच हाताने मोडा, कात्रीची गरज पडत नाही. विश्रांतीत येणारी चुकार कळीही काढा. ताण सुरू होण्याच्या तोंडावर नत्र देऊ नका. कोवळी फूट निघते आणि ताण बसत नाही.

टप्पा ६: ताण आणि पानगळ

मुरमाड हलक्या रानात चार आठवडे, मध्यम रानात पाच-सहा आठवडे पाणी तोडा. दिवसांपेक्षा पान महत्त्वाचं. पानं निस्तेज, पिवळसर होऊन साधारण पाव हिस्सा आपोआप गळाली की ताण बसला. हिरव्यागार झाडावर दिवस भरले म्हणून पुढे जाऊ नका.

राहिलेली पानं उतरवायला इथेफॉन ३९ टक्के, लिटरला १ ते २ मिलि, आणि सोबत १८:४६ (डीएपी खत) लिटरला ५ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला इथेफॉन १५ ते ३० मिलि आणि १८:४६ ७५ ग्रॅम. १८:४६ रात्री भिजत घालून वस्त्रगाळ करा, नाहीतर नोझल तुंबतं. पानं जेवढी पिकलेली तेवढी मात्रा कमी. ऊन कडक असेल तर कमी मात्रेकडेच राहा.

*इशारा:* ताण न बसलेल्या झाडावर जास्त इथेफॉन मारून पानं पाडता येतात, पण त्याबरोबर काड्यांचे शेंडेही वाळतात. कळी तिथेच येणार होती. आधी चार झाडांवर मारून आठवडाभर बघा.

टप्पा ७: हलकी छाटणी

पानं गळाली की झाड उघडं दिसतं. आता प्रत्येक फांदीचा शेंडा फक्त चार ते सहा इंच मारा. काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक, लोंबणाऱ्या काड्या काढा. त्यांवर धरलेलं फळ खाली लटकतं आणि लहान राहतं. आत राहून गेलेला एखादा पाणसोट दिसला तर तोही काढा.

आखूड, जाडसर, टोकाला काटा असलेल्या काड्यांना हात लावू नका. त्या दिसायला निरुपयोगी वाटतात आणि 'स्वच्छ' करण्याच्या भरात पहिल्या त्याच जातात. कळी त्यांच्यावरच येते. टोळीला काम सुरू करण्याआधी अशी एक काडी प्रत्यक्ष धरून दाखवा.

छाटणी झाली की डोळे फुटण्याआधी पुन्हा १ टक्का बोर्डो. मग खत देऊन पहिलं पाणी हलकं सोडा, पुढची पाणी हळूहळू वाढवत न्या. ताणावरच्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं तर पालवी उसळते आणि आलेली कळी गळते.

टप्पा ८: फळ धरल्यावर

कळी गळायला लागली की लगेच पंप उचलू नका. गळालेलं फूल उचलून बघा. बुडाशी निमुळतं, घंटेसारखं असेल तर ते नर फूल, ते गळणारच. बुडाशी कळशीसारखं फुगीर असलेलं फूल फळ धरतं. तशी फुलं गळत असतील तरच पाणी आणि खत तपासा.

फळ लिंबाएवढं झालं की विरळणी. झुपक्यात एकच ठेवा. दोन फळं चिकटतात तिथे फळ पोखरणारी सुरसा अळी सुरक्षित बसते आणि औषध पोचत नाही. चार वर्षांपुढच्या सशक्त झाडावर ६० ते ८० फळं, पहिल्या बहाराला चाळिशीच्या आत. या कामाला मन होत नाही हे खरं, पण शंभर-सव्वाशे फळं ठेवलेल्या झाडाचं वजन तेवढंच भरतं आणि प्रत मात्र उतरते.

फळं वजन धरायच्या आधी बांबू-तार आणि सुतळीने फांद्या बांधून घ्या. सुतळी फांदीखालून सैल फिरवा, आवळून गाठ मारली तर साल कापते. या काळात कात्री फक्त पाणसोटांसाठी. फळावर सावली धरणारी फांदी अडचणीची वाटली तरी ठेवा. भगव्याला फुलापासून तोडणीपर्यंत १८० ते १९० दिवस लागतात. आंबे बहारात त्यातले एप्रिल-मेचे दिवस भाजणारे असतात आणि उन्हाचा चट्टा पडलेलं फळ वेगळ्या क्रेटमध्ये जातं.

तोडणी चालू असतानाच एक काम उरकून घ्या. ज्या फांदीवर तेल्याची फळं निघाली तिला तेव्हाच लाल रंगाचा पट्टा मारा. पंधरा दिवसांनी छाटणीला टोळी येईल तेव्हा फळ नसेल, पानं सारखीच दिसतील आणि नेमकी कुठली फांदी ते कुणालाच आठवणार नाही.